सेन्सर अण्णा

जोतिबाच्या पार्किंगात रविवारी कुणी बॉनेट उघडलं की पहिला जो माणूस येतो, तो मेकॅनिक नसतो. तो अण्णा असतो. घरी तो कुणाचा दाजी असेल, कुणाचा मामा असेल, डोंगरावर तो अण्णाच. पांढरा शर्ट, कपाळापासून कानामागपर्यंत गुलाल, एका हातात खोबऱ्याची वाटी आणि दुसऱ्या हाताच्या बोटात गरगर फिरणारी किल्ली. ती कुठल्या गाडीची, हे विचारू नये.

अण्णांची तपासणी गावापासून सुरू होते.

"कुठलं गाव, साहेब?"

"पुणं."

"मग बरोबर."

पुण्याचे साहेब खजील होऊन डॅशबोर्डाकडे बोट दाखवतात. तिथे पिवळा दिवा लागलेला असतो. गाडीचं चित्र, खाली दोन नागमोडी रेघा. अण्णा खोबरं चावत त्याच्याकडे बराच वेळ बघतात.

"ही घाटाची सूचना हाय. पुढं वळणं हायत म्हणून सांगतंय."

"अहो, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा आहे तो. वळण घेतलं की लागतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जातो."

"लागंल न्हाईतर काय! देवाकडं पाठ केली की लागतोय."

यावर मागच्या सीटवरच्या वहिनी हात जोडतात. अण्णांचं निम्मं काम तिथंच होतं.

पुढचं निम्मं काम म्हणजे उपाय. बॅटरीची टर्मिनल काढून दहा मिनिटं थांबा. फ्यूज उपसा. टायरातली हवा कमी करा, नाहीतर वाढवा. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा, "म्हंजे डोक्याला ताप न्हाई." मधे एकदा कोल्हापूरच्या छत्रपतींच्या मेबॅकचा विषय निघतोच. स्वातंत्र्याआधीची गाडी, दसऱ्याला अजून थाटात बाहेर पडते, तिला कुठं हाय ट्रॅक्शन? या मुद्द्याला उत्तर नाही. सगळं करून झालं की अण्णा गाडी बंद करून चालू करायला लावतात, दिवा विझतो आणि आजूबाजूचे चारजण "चांगभलं" म्हणतात.

दिवा विझला कारण बिघाड अधूनमधून येणारा होता. गाडी चालू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो, त्या क्षणी सगळं ठीक सापडलं की दिवा मालवतो, आणि केर्लीकडे उतरताना पुढच्याच वळणावर पुन्हा लावतो. अण्णा तेव्हा वरच असतात. त्यांचा एकही रोगी बरा न होता गेलेला नाही, ते यामुळेच.

खरं तर या रस्त्यासारखी जागा ट्रॅक्शन कंट्रोलच्या यंत्रणेला दुसरी नाही. चैत्र यात्रेत सासनकाठ्या गेल्या की डांबर गुलाबी होतं, वळवाचा एक शिडकावा आला की त्याच गुलालाचा चिखल. अशा ठिकाणी चढावर एखादं चाक जागच्या जागी फिरायला लागलं की यंत्रणा इंजिनाचा जोर कमी करते आणि तेवढ्याच चाकाला ब्रेक लावते. बॉशने ही यंत्रणा 1986 साली बाजारात आणली. यातले चाकाचा वेग मोजणारे सेन्सर एबीएसचेच असतात, आणि एबीएस आपल्याकडे एप्रिल 2019पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचं आहे. म्हणजे अण्णांनी उपसलेल्या फ्यूजबरोबर बहुधा एबीएसही जातं. साधे ब्रेक लागतात, पण घाट उतरताना करकचून दाबले तर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. चिकटपट्टी त्या मानाने निरुपद्रवी, तिने फक्त माणूस आंधळा होतो.

अखेर गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजात जाते. वाट दाखवायला अण्णा पुढच्या सीटवर. तिथला पोरगा विशीतला, बोलायला महाग. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर खोचतो. पुढच्या डाव्या चाकाचा कोड येतो.

"सेन्सर!" अण्णा. "गुलाल गेलाय आत."

"गुलालानं काय होत न्हाई," पोरगा म्हणतो. "त्यो चुंबकाला चिकटत न्हाई. लोखंडाचा कीस चिकटतो."

सेन्सर काढून पुसतो, स्वच्छ निघतो. मग गाडी लिफ्टवर घेतो. साहेबांना स्क्रीन धरायला सांगून ते चाक हाताने फिरवतो. आकडा येतो. चाक फिरतं ठेवून दुसऱ्या हाताने शॉकअॅब्सॉर्बरजवळची वायर ताणतो. आकडा शून्य. सोडतो. आकडा परत. वायरीला धरून ठेवणारी क्लिप तुटलेली, त्यामुळे चाक वळलं की वायर ताणली जायची आणि आतली तार सुटायची. वरचं रबर फाटून तांबं हिरवं पडलेलं. पोरगा नवी वायर जोडतो, झाळ देतो, वर नळी चढवून क्लिप बसवतो, कोड पुसतो आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून गल्लीतून फेरी मारून येतो. दिवा नाही. सेन्सर जुनाच.

अण्णा किल्ली फिरवायची थांबवतात. "मी डोंगरावरच सांगितलं होतं का न्हाई? सेन्सरची भानगड!" साहेब मान डोलावतात. चहाचे पैसे साहेबच देतात. पोरगा तोवर दुसऱ्या गाडीखाली गेलेला असतो.

म्हणून डोंगरावर जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: हा दिवा चाक घसरताना लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे, तिला करू द्या. सतत लागून राहिला तर आधी ती यंत्रणा बंद करायचं बटण चुकून कुणी दाबलंय का बघा, मग चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या हवेचे आहेत का ते बघा. तरी जाईना तर स्कॅनर लावून घ्या, आणि चारही चाकांचे वेग स्क्रीनवर दिसल्याशिवाय नवा सेन्सर विकत घेऊ नका. अण्णांना खोबरं जरूर द्या. फ्यूजच्या डब्याचं झाकण तेवढं उघडू देऊ नका.