एम. ए. भाग 1, वय 55: काय नेसावे?

पदवीनंतर तीस-पस्तीस वर्षांची विश्रांती घेऊन ज्या स्त्रियांनी पुन्हा विद्यापीठात नाव घातलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. (माझ्या विश्रांतीत दोन बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण आणि बँकेतली एकतीस वर्षं बसली.) पुरुषांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढायची गरज वाटली नाही. शर्ट खोचायचा की बाहेर सोडायचा एवढाच त्यांचा प्रश्न असतो, आणि तोही त्यांची बायको सोडवते.

आधी परिभाषा. मराठीत अंगावर काही चढवायला एक क्रियापद पुरत नाही. साडी नेसतात, ड्रेस घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात आणि बांगड्या भरतात. भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी (वयाने माझ्या भाच्याएवढे) हीच उदाहरणं विचारली, तेव्हा अख्ख्या वर्गात मला एकटीला सगळी आली. पुढच्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, "काकू, मग साडी 'घातली' म्हटलं तर चूक का?" मी म्हटलं, "चूक नाही गं, कानाला टोचतं." त्या दिवसापासून मी वर्गाची अधिकृत काकू आहे.

नियम 1. प्रवेश घ्यायला जाताना साडी नेसू नये.

मी नेसले होते. बँकेतली, बिस्किटी रंगाची. खिडकीमागच्या गृहस्थांनी अर्ज न बघताच सांगितलं, "मुलीला घेऊन या, सही तिची लागते." मी गॅप सर्टिफिकेट पुढे सरकवलं. शिक्षणात खंड पडला की करून द्यावं लागतं ते प्रतिज्ञापत्र. बाकीच्यांचा खंड एक-दोन वर्षांचा होता, माझा चौतीस. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि आतून खुर्ची मागवली. रांगेत दुसऱ्या कुणालाही खुर्ची मिळाली नाही. साडीला खुर्ची मिळते; ओळखपत्र मिळायला मात्र तीन आठवडे लागले.

पहिल्या तासाला तर मी वर्गात शिरले आणि सगळी पोरं उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मॅम." इथे माझी चूक अशी झाली की मी "बसा, बसा" म्हणाले. ती बसली. वह्या उघडल्या. एकाने तारीखसुद्धा घातली. त्यानंतर व्यासपीठावरून तिसऱ्या बाकापर्यंत चालत जायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझं एक सेमिस्टर संपलं असावं.

नियम 2. लेगिंग. नको.

नियम 3. जीन्स. या विषयाला इतिहास आहे, म्हणून थोडं थांबावं लागेल. जीन्स म्हणजे तरुणांचा पोशाख, असं माझ्या नणंदेचं मत आहे. ते चूक आहे. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस या दोघांनी 1873 साली तांब्याच्या रिव्हेटांच्या पँटचं पेटंट घेतलं ते अंगमेहनत करणाऱ्यांसाठी, खिसे फाटू नयेत म्हणून. शिवाय इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द गेला तो इथूनच, आपल्या मुंबईतल्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून. तेव्हा कष्टकरी बाईने डोंगरीचं कापड वापरण्यात थिल्लरपणा कुठे आला? हे सगळं मी नणंदेला सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण मागून आरशात पाहिलंस का?"

लेक मला दुकानात घेऊन गेली होती. तिथे 'मॉम जीन्स' असं लिहिलेला आख्खा कप्पा होता. इतक्या वर्षांत आपली कुणीतरी दखल घेतली म्हणून मी हरखून तीच मागितली. ती मॉमसाठी नसते. अजून कुणाचीच मॉम नसलेल्या वीस वर्षांच्या मुलींसाठी असते. दुकानातली पोरगी इतक्या सौम्यपणे मला दुसऱ्या कप्प्याकडे घेऊन गेली की मी तिथे दोन घेतल्या. पावसाळ्यात त्या वाळायला दोन दिवस लागतात आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो, हे कुठल्याही पेटंटमध्ये लिहिलेलं नसतं.

नियम 4 घरच्यांच्या आग्रहावरून गाळला आहे.

नियम 5. आता खरं सांगते. सुती पंजाबी ड्रेस शिवून घ्यावा आणि त्याला खिसा हवा. शिंप्याला खिसा एकदा सांगून भागत नाही. माप देताना, कापड देताना आणि ट्रायलला असं तीनदा सांगावं, नाहीतर तो "राहिलंच की ताई" म्हणतो. उजव्या शिवणीत, चांगला हातभर खोल. त्यात जवळचा चष्मा, ओळखपत्र आणि गुडघ्याची गोळी. बाही कोपरापर्यंतच ठेवावी, तीन तास लिहायचं असतं. एकतीस वर्षं सह्या केलेल्या हाताला सलग वीस पानं लिहिणं म्हणजे काय, ते पहिल्या पेपरला कळतं. परीक्षेच्या महिन्यात काचेच्या बांगड्या भरू नयेत. बाकावर किणकिणतात आणि पर्यवेक्षक आपल्याचकडे बघतात. कोल्हापुरी पावसात घालू नये. ओढणी नेहमी न्यावी, कारण सेमिनार हॉलचा एसी कुणालाच बंद करता येत नाही.

तरीही 'लोक काय म्हणतील' हे मनातून जात नसेल, तर आनंदीबाई जोशींचा तो फोटो पाहावा. ऑक्टोबर 1885, फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं मेडिकल कॉलेज. जपानची विद्यार्थिनी किमोनोत, सीरियाची तिच्या मुलखाच्या पोशाखात आणि आपल्या आनंदीबाई साडीत. तिघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर, मी बरी दिसते ना, असा प्रश्न नाही. मी तो फोटो मोबाईलवर ठेवला आहे. पाहिला की पाच मिनिटं बरं वाटतं.

नियम 6, ट्रॅडिशनल डे. वर्षभर ज्या मुली ढगळ टी-शर्टमध्ये असतात, त्या या दिवशी खणाचं ब्लाउज, ऑक्सिडाइज्ड दागिने आणि नथ घालून येतात. मी मुद्दाम जीन्स घालून गेले. पण सकाळी साडेसातलाच मुलींच्या कॉमन रूममधून फोन आला होता, "काकू, लवकर या ना." अकरा मुली. एकीची शिवलेली नऊवारी, तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. बाकी दहा जणींना नेसवायची होती.

चप्पल आधी घालायला लावायची, नाहीतर साडी नंतर वर उचलली जाते. पदर खांद्यावर आधी पिन करायचा आणि मग उरलेल्या कापडाच्या निऱ्या घालायच्या. उलट केलं की बारा वाजेपर्यंत पदर ढळतो. निऱ्यांना बोटं ताठ हवीत. हे माझ्या आजीने मला ओरडून शिकवलं होतं, मी त्यांनाही ओरडूनच शिकवलं.

त्यातली एक हॉस्टेलची, हिंगोलीकडची. नेसून झाल्यावर तिने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्याकडे वळवला. आई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. तिने गडबडीने डोक्यावरून पदर घेतला. "मॅडम आहेत का गं?"

"नाही गं आई," पोरगी म्हणाली, "आमच्या बॅचच्या आहेत."

मी पुढच्या मुलीच्या निऱ्या चुकवल्या.

जाता जाता एक विनंती. त्या दिवशी मी घरून तीन साड्या नेल्या होत्या. दोन इस्त्री करून परत आल्या. आमसुली इरकल, टोपपदराची, अजून आलेली नाही. जिच्याकडे असेल तिने ती धुऊ नये, रंग सोडते. डाग पडला असला तरी तशीच आणून द्यावी. मी ओरडणार नाही. सेमिस्टरचे पेपर सुरू व्हायच्या आत, तिसऱ्या बाकावर. सोबत माझ्या सहा सेफ्टी पिना.