पुरळाचा पंचनामा

लहान मुलाच्या अंगावरचं पुरळ फार मानी असतं. रात्री अकरानंतर ते दिमाखात उगवतं, आईबापांची झोप उडवतं, सकाळी रिक्षात सोबत करतं आणि दवाखान्यात आपला नंबर पुकारला गेला की अंतर्धान पावतं. डॉक्टर झबलं वर करतात, तर आत नितळ पोट. मग ते पोटाकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघतात.

आमच्या चिऊला नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस दिली. आठवडा उलटल्यावर जराशी कणकण आली आणि छातीवर गुलाबी ठिपके उमटले. डॉक्टरांनी हे आधीच बजावून ठेवलं होतं. लसीतला विषाणू जिवंत पण अशक्त केलेला असतो; काही मुलांना सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास हलकं पुरळ येतं, दोन-तीन दिवसांत जातं आणि दुसऱ्याला लागत नाही. तसं ते शहाण्यासारखं आलं आणि गेलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, तो अर्धा बाहेर असतानाच पंधरवड्याने दुसरा अंक सुरू झाला. आता ठिपके नव्हते, चांगल्या गांधी उठल्या होत्या. दुपारी मांडीवर, संध्याकाळी पोटावर, रात्री कानामागे. मग चार दिवस सामसूम. मग पुन्हा.

'लस!' आईने निकाल दिला. साक्षीपुरावे नंतर.

हीच आई चिऊला बीसीजी दिली तेव्हा रोज सकाळी तिचा डावा दंड उघडून बसायची. 'फोड येत कसा नाही? लागलेली दिसत नाही लस.' शेवटी यथावकाश फोड आला, तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. म्हणजे लसीने फोड आणला नाही तर ती कुचकामी आणि पुरळ आणलं तर ती घातकी. तिचा तरी काय दोष म्हणा. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. तेव्हा दंडावर फोड येणं हाच लस लागल्याचा दाखला होता आणि त्याच फोडातला द्रव काढून पुढच्या मुलांना टोचायचा होता. त्या दंडाकडे तेव्हा किती जण डोळे लावून बसले असतील! आमच्या घरी तर आम्ही चौघंच होतो.

मला विचाराल तर लसीचा खरा गुन्हा एकच: तिची नोंद असते. चिऊच्या आयुष्यात रोज शंभर गोष्टी घडतात. ती फरशी चाटते, वॉचमनची किल्ली चोखते, समोरच्यांच्या नातवाची शेंबडी पापी घेते, डास तिला चावतात. यातलं कोणीही जाताना वहीत नाव लिहून जात नाही. लस तेवढी कार्डावर तारीख, बॅच नंबरचा स्टिकर आणि डॉक्टरांची सही ठेवून जाते. पोलिसांना जसा पत्ता माहीत असलेलाच चोर आधी सापडतो, तसं आमचं झालं.

आरोपी पकडलेला असूनही तपास चालूच राहिला. समोरच्या काकूंनी साबण बदलायला लावला. बहिणीने धुण्याच्या पावडरीवर संशय घेतला. मामांनी फोनवरूनच घामोळं ठरवून टाकलं. आईने, निकाल स्वतःच दिलेला असताना, वर दृष्टही काढली. तव्यावर टाकलेल्या मिरच्यांचा ठसका कोणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट जबरदस्त होती, असं ठरलं. (तवा तापलाच नव्हता. पण हे बोलायची माझी छाती झाली नाही.)

पुरळ दवाखान्यात दर्शन देईना, म्हणून डॉक्टरांनी फोटो काढून ठेवायला सांगितलं. तेव्हापासून माझ्या फोनमध्ये चिऊचा चेहरा क्वचितच सापडतो. चिपळूणला एका लग्नात मावशी म्हणाली, 'बाळाचा फोटो दाखव की रे.' मी फोन पुढे केला. डावी मांडी, बाजूला मापाला फूटपट्टी. मावशीने चष्मा पुसून बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, 'तुझ्यावर गेलीय.'

डॉक्टरांनी मात्र सगळे फोटो शांतपणे पाहिले. लसीची खरी ॲलर्जी असती तर ती बहुतेक करून काही मिनिटांत, फार तर काही तासांत दिसली असती; म्हणून तर टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. इतक्या आठवड्यांनी जागा बदलत फिरणाऱ्या गांधी म्हणजे आपलं साधं पित्त उठणं. लहान मुलांत त्याला बहुतेक वेळा एखादा विषाणू कारण असतो. 'मध्ये सर्दी झाली होती का?' त्यांनी विचारलं. डोंबिवलीच्या पावसाळ्यात चिऊचं नाक कोरडं असल्याचा एकही दिवस आम्हाला आठवेना.

त्यांनी खाजेवर पातळ औषध लिहून दिलं. ओठ-चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला किंवा बाळ मलूल पडलं, तर फोटोच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल गाठायचं, हे मात्र दोनदा सांगितलं. शिवाय काचेच्या ग्लासने डाग दाबून बघायचा. दाबल्यावर फिका पडला नाही तर लगेच यायचं. झालं! आमच्या चहाच्या सहा ग्लासांतला एक कायमचा वैद्यकीय सेवेत रुजू झाला. पाहुणे पाच आले की बायको मला स्टीलच्या भांड्यात चहा देते.

'आमसुलाचं पाणी चोळलं तर?' आईने जाता जाता विचारलंच. डॉक्टर म्हणाले, 'बाळाला नको, आजी.' त्या 'नको'ने आई जी दुखावली, ती पुढचे कित्येक दिवस डॉक्टरांचा उल्लेख 'ते तुमचे' असा करत होती.

गणपतीच्या सुमारास गांधी उठायच्या थांबल्या. कशाने, ते कळलं नाही. श्रेय जुना साबण, नवा साबण आणि मिरच्या यांनी आपापसांत वाटून घेतलं.

सोळाव्या महिन्यात दुसरा डोस होता. आई हट्टाने बरोबर आली. लस टोचून झाली, चिऊने छत डोक्यावर घेतलं, आम्ही अर्ध्या तासाच्या बाकावर बसलो. गर्दी नव्हती, म्हणून डॉक्टरही बाहेर येऊन उभे राहिले. बोलताना ते सारखे मनगट खाजवत होते. आईच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

'पित्त?'

'थंडी पडली की उठतं हो,' डॉक्टर ओशाळं हसले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, 'आजी, ते आमसुलाचं कसं करायचं म्हणालात?'

आईने पदर सावरला. चार-पाच आमसुलं, वाटीभर पाणी, रात्री भिजत घालायची, सकाळी कुस्करून अंगाला चोळायचं. डॉक्टरांनी खिशातून पेन काढून चिठ्ठीवर सगळं लिहून घेतलं. त्यांचं लिहून होईपर्यंत आई थांबली, मग पुढे झुकून दबक्या आवाजात म्हणाली,

'हल्लीत कुठली लसबिस घेतली होतीत का हो?'