कूपर्सटाउनकर

अमेरिकेतल्या प्रत्येक बेसबॉल मैदानावर एक तरी कूपर्सटाउनकर भेटतोच. राहायला तो कुठेही असो, जीव अडकलेला न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनात, कारण बेसबॉलचं हॉल ऑफ फेम तिथे आहे. निदान दहा मोसम खेळावं, निवृत्तीनंतर पाच वर्षं कळ काढावी, मग पत्रकारांची 75 टक्के मतं मिळाली तर आत जावं, अशी तिथली रीत. एवढा दम कूपर्सटाउनकराला कुठला निघायला! पोरगं वीस वर्षांचं, मिसरूड धड फुटलेलं नाही, चाळीस सामने जेमतेम झालेले. याने त्याला विली मेज आणि मिकी मँटल या थोर आउटफिल्डरांच्या मधे नेऊन बसवलेलंसुद्धा असतं.

आमचे कूपर्सटाउनकर न्यू जर्सीचे. एका हातात हॉट डॉग, दुसऱ्यात टोक झिजलेली पेन्सिल, मांडीवर स्कोअरकार्ड आणि त्याच्या समासात सारी आकडेमोड. पिचरांच्या वाटेला ते जात नाहीत. पूजा फक्त आउटफिल्डरांची. बिल जेम्स नावाच्या अभ्यासकाने दोन खेळाडूंमधलं साम्य मोजायची युक्ती काढली आहे. 1000 गुणांपासून सुरुवात करायची आणि फरक दिसेल तसे गुण कापत जायचं. आपल्याकडे छत्तीस गुणांत लग्नं उरकतात, पोरगं थोरांशी जुळवायला यांना हजार लागतात. शिवाय वयही असं-तसं चालत नाही, जून संपताना किती पूर्ण झालं तेच धरायचं.

परवा त्यांचा लाडका नवखा तीनदा स्ट्राइकआउट होऊन मान खाली घालून परतला.

"आता?" मी विचारलं.

"मेज 1951 साली आला तेव्हा पहिल्या 26 खेपांत त्याला एकच हिट मिळाला होता. तोही होमरन, वॉरन स्पानला!"

"आणि याला मायनर लीगमध्ये धाडलं तर?"

"मँटललाही त्याच साली कॅन्सस सिटीला धाडलं होतं."

"पाच वर्षं काहीच जमलं नाही तर?"

"क्लेमेंटे! तोही हॉल ऑफ फेमवाला. पहिल्या पाच मोसमांत मिळून 26 होमरन."

म्हणजे पोरगं चमकलं तर थोरांसारखं, आपटलं तरी थोरांसारखंच. टेड विल्यम्ससारख्या थोराची लष्करात गेलेली वर्षं तर ते स्वतःच्या पदरचे होमरन घालून भरून देतात.

त्यांच्यासमोर फक्त सेझर सेडेन्योचं नाव काढू नये. ह्यूस्टनचा हा आउटफिल्डर 1972 साली, 21 व्या वर्षी, .320 सरासरी, 22 होमरन आणि 55 चोरलेले बेस घेऊन उभा होता. पुढच्या साली पुन्हा .320. त्याची मेजशी तुलना करणाऱ्यांत खुद्द मेजचा एकेकाळचा मॅनेजर लिओ ड्युरोशर होता. आज सेडेन्योला कूपर्सटाउनात शिरायचं तर तिकीट काढावं लागेल. मी एकदा हे नाव घेतलं, तेव्हा कूपर्सटाउनकर बराच वेळ बाहीवरची मोहरी पुसत राहिले. बाहीवर मोहरी नव्हती.

त्यांचं खरं दैवत माइक ट्राउट. एक तर न्यू जर्सीचा, त्यात 2012 च्या पहिल्या पूर्ण मोसमात .326, 30 होमरन, 49 चोरलेले बेस. अगदी मँटल, हे त्यांचं पालुपद. 2021 पासून मात्र ट्राउटच्या मागे दुखापतींचं शुक्लकाष्ठ लागलं आणि 2024 मध्ये तर 29 सामन्यांतच गुडघा गेला. मला वाटलं, आता तरी हा माणूस पेन्सिल खाली ठेवेल.

उलट त्यांचा चेहरा फुलला. 1951 ची वर्ल्ड सिरीज, दुसरा सामना, यांकी स्टेडियम. मेजने चेंडू उंच मारला, मँटलचा सोबती डिमॅजिओ झेलायला आला, त्याला वाट द्यायला मँटल थबकला आणि त्याचा पाय गटाराच्या झाकणात अडकला. एका चेंडूत तीन हॉल ऑफ फेमवाले! हे सांगताना त्यांनी हॉट डॉग बाकावर ठेवला. असं एरवी कधी होत नाही.

"गुडघाच गेला होता! मँटलचाही गुडघाच!" ते म्हणाले. मग जरा विचारात पडले, पेन्सिल जिभेला लावली. "त्याचा उजवा होता, याचा डावा. तेवढे दोन गुण कापू."