मुलुंड ते बोरिवली : एक ओले प्रवासवर्णन

मुलुंड आणि बोरिवली ही उपनगरे एकाच अरण्याच्या दोन अंगांना वसलेली असल्यामुळे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील एखाद्या बिबट्याच्या मनात आलेच तर तो रात्रीच्या भोजनोत्तर शतपावलीतच हे अंतर उरकू शकतो. मनुष्यप्राण्याला मात्र घाटकोपर, अंधेरी असे मुक्काम घेत त्या अरण्याला अर्धप्रदक्षिणा घालावी लागते, आणि तो मनुष्यप्राणी माझ्यासारखा उभी हयात सरकारी दप्तरात आवक-जावक नोंदवण्यात घालवलेला असेल, तर तीही पूर्ण कागदपत्रांनिशी. आमच्या सौ. बहिणीकडच्या सत्यनारायणासाठी आदल्या दिवशीच बोरिवलीस रवाना झाल्या होत्या, चिरंजीव व सूनबाई कचेरीत होती. सबब नऊ महिन्यांच्या नातवास सुखरूप पोहोचते करण्याची कामगिरी मजकडे आली. पिशवीतील जिन्नसांची यादी मी रीतसर केली होती. तिच्या तळाशी सौभाग्यवतींनी जाण्यापूर्वी आपल्या हस्ताक्षरात एक कलम वाढवले होते : ‘तुमचा सदरा’. त्याचे प्रयोजन मला कळले नव्हते.

मुलुंड ते घाटकोपर या प्रवासात लिहिण्यासारखे काही नाही. घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो 2014 च्या जूनमध्ये सुरू झाली. अकरा-साडेअकरा किलोमीटरांत बारा स्थानके, डबे शीतल. असल्फ्याच्या टेकडीवरची रंगवलेली घरे खिडकीतून सुरेख दिसतात. ती मी नातवास दाखवीत असतानाच, साकीनाक्याच्या अलीकडे, त्याच्या मुद्रेवर ती सुविख्यात ध्यानस्थ गंभीरता अवतरली : दृष्टी शून्यात, मुठी आवळलेल्या, मुखकमल आरक्त. क्षणभराने समाधी उतरली व तो प्रसन्न हसला. शेजारचे सद्गृहस्थ, बसायला जागा असूनही, उभे राहिले.

येथे शिष्टाचाराचा प्रश्न उपस्थित झाला. ज्या आसनावर उद्या कोणी शुभ्र धोतर नेसून बसणार आहे तेथे बालकाचे वस्त्रांतर करू नये, जेथे कोणी घास तोंडाशी नेत असेल तेथे तर मुळीच करू नये, आणि झालेला ऐवज आसनाखाली सारून पुढच्या स्थानकावर फरारी होऊ नये, इतके नियम मी तत्काळ मनाशी मंजूर केले. परंतु मग ते करावे कोठे, या कलमापाशी माझी नियमावली थबकली. अखेर अंधेरीच्या बाजूस उतरून मी एका टोलेजंग मॉलमध्ये शिरलो. त्याचे नाव घेत नाही.

बालकाचे चित्र असलेली पाटी मला लवकरच सापडली. ती स्त्रियांच्या प्रसाधनगृहाच्या दारावर होती.

‘‘काका, बाळाचं टेबल लेडीजमध्ये आहे,’’ पहारेकरी म्हणाला.

‘‘मग पुरुषाने काय करावे?’’

‘‘मॅडमना पाठवा.’’

‘‘मॅडम बोरिवलीत आहेत.’’

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. ‘‘मग बोलावून घ्या.’’

लेकरासाठी रात्री रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीच्या नावे बुरूज आहे, आणि तिच्याच नावाने आज एस.टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी कक्ष आहेत, हे सर्वस्वी उचित आहे. पण लेकरू आजोबांच्या कडेवर असल्यास त्यांनी कोणता कडा उतरावा, याविषयी इतिहास मौन पाळतो. पुरुषांच्या बाजूस जाऊन पाहिले. संगमरवरी ओटा ओला होता, हात वाळवण्याचे यंत्र गर्जत होते, आणि आरशासमोर केस विंचरणाऱ्या एका तरुणाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी मागे फिरलो. नातवाने टाहो फोडला.

तेव्हा बादली घेऊन आलेल्या सफाईच्या मावशी म्हणाल्या, ‘‘थांबा आजोबा.’’ त्या आत डोकावल्या, दोघीतिघींना बाहेर काढले, दारात ‘सफाई चालू आहे’ अशी पिवळी पाटी उभी केली व मला फर्मावले, ‘‘व्हा आत. पाच मिनटं.’’

त्या पाच मिनिटांत दाराबाहेर जमलेल्या महिलामंडळाने मला जे मार्गदर्शन केले ते कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मिळाले नसते. ‘‘आधी नवं खाली सरकवा, मग जुनं काढा!’’ ‘‘दोन्ही पाय एका हातात धरा!’’ आणि शेवटी, एकमुखाने, ‘‘अहो, झाका!’’ हा शेवटचा आदेश अंमलात येण्यापूर्वीच एक कोमट कारंजे माझ्या छातीवर उसळले. यादीतील अखेरच्या कलमाचा अर्थ मला तत्क्षणी उमगला.

मावशींनी आपल्या ओढणीची घडी बाळाच्या डोक्याखाली ठेवली होती. त्यांची नात संगमेश्वराकडे असते. गणपतीत पाहिली, आता शिमग्याला. बाळाच्या तळव्यावर त्यांनी एक बोट ठेवले, त्याने ते पायाच्या बोटांनी धरले, आणि त्या काही वेळ पाटी उचलायची विसरल्या. मी खिशात हात घातला तो त्यांनी डोळ्यांनीच अडवला.

राहिला ऐवज. घनकचऱ्याच्या 2016 सालच्या नियमांप्रमाणे वापरलेला डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायचा असे. मी त्याप्रमाणे निळ्या डब्याकडे वळताच पहारेकऱ्याने विचारले, ‘‘ओलं आहे ना?’’ ‘‘आहे.’’ ‘‘मग सुक्यात कसं?’’ चाळीस वर्षे शासनाची भाषा लिहिलेल्या मजजवळ यावर उत्तर नव्हते. ते पुडके बोरिवलीपर्यंत सोबत आले. बोरिवलीकडची मेट्रो धरताना गुंदवलीच्या स्थानकात पिशवी तपासणी यंत्रातूनही गेले. ‘‘कागदात काय आहे?’’ जवानाने विचारले. मी सांगितले. इतक्या तत्परतेने मला आजवर कोणी पुढे सोडलेले नाही.

राष्ट्रीय उद्यान डबा थांबल्यावर दिसले. आत कान्हेरीची शंभरांवर लेणी आहेत. ज्यांना लेकरेबाळे नव्हती त्या भिक्षूंनी तेथे लेण्यांच्या दाराशी पाण्याची टाकी खोदून ठेवली आहेत.

ज्या 2016 साली आपल्याकडे डायपर टाकावा कोठे हे ठरले, त्याच साली अमेरिकेत तो बदलावा कोठे याचा कायदा झाला, आणि तेथील संघ सरकारच्या सार्वजनिक इमारतींत स्त्रियांबरोबर पुरुषांच्या प्रसाधनगृहांतही तशी सोय करणे आले. सोय म्हणजे भिंतीला मिटून बसणारी एक फळी. मॉलच्या व स्थानकांच्या चालकांस विनंती, की ती पुरुषांच्या बाजूसही बसवावी, आणि शेजारी झाकणाची एक बादली ठेवून तीत ओले टाकायचे की सुके, ते मोठ्या अक्षरात लिहावे.