नाणेभाऊ, मुक्काम बालाघाट

नाणेभाऊंना नाणं दाखवायला जायचं असेल तर घरी सांगून निघावं. पाच मिनिटांचं काम म्हणून गेलेले लोक दिवेलागणीला परतलेले आहेत, आणि तेही नाणं तिथेच ठेवून.

जिल्ह्याच्या गावी असा माणूस एक तरी असतोच. निवृत्त, पेन्शन वेळेवर येणारं, मुलं बाहेरगावी. शिवराई, निजामाचे पैसे, एडवर्डचा रुपया एवढ्यावर बाकीचे समाधानी असतात. आमच्या भाऊंना मात्र रोम लागतं, आणि तेही राजधानीचं रोम नव्हे, रोमच्या प्रांतांचं. ऑगस्टस आणि टायबेरियसची चांदीची नाणी दक्षिण भारतात ढिगांनी सापडली. त्यांच्यावर बादशहाचा चेहरा स्वच्छ, नाव स्वच्छ. भाऊ ती बाजूला सारतात. "त्याले काय ओळखायचं जी? तो सोताच सांगते का मी कोन आहो."

भाऊंचा जीव अडकला आहे तो साम्राज्याच्या पूर्वेकडच्या गावोगावी पडलेल्या तांब्या-काशाच्या सुट्ट्या पैशांत. तिकडच्या शेकडो शहरांना रोमने आपापली चिल्लर पाडायची मुभा दिली होती. एका बाजूला बादशहा, दुसऱ्या बाजूला गावाचा खाजगी मामला : गावची देवी, देऊळ, घागर कलंडून रेललेला नदीचा देव. कॅपाडोशियातल्या सिझेरियाने आपला डोंगर छापला. अपामियाने तर चक्क नोआची नौका छापली, आणि शंका नको म्हणून नोआचं नावही घातलं. हे सगळं भाऊ एका दमात सांगतात आणि मग पाणी मागतात.

पाणी येईपर्यंत तुमचं नाणं तपासायला घेतलेलं असतं. टॉर्च तिरपी धरायची, म्हणजे झिजलेल्या अक्षराची सावली पडते. वजन सराफाच्या काट्यावर. मग भिंग. गावाचं नाव ग्रीकमध्ये 'अमक्या गावच्या लोकांचं' अशा थाटात लिहिलेलं असल्यामुळे शेवटी बहुधा 'ओन' येतं. ते 'ओन' दिसलं की भाऊंचा श्वास अडकतो. शेकडो गावांचा शेवट तोच, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही, ही अडचण त्यांना अडचण वाटत नाही. दुसरी खूण खळग्याची. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या अशा पुष्कळ नाण्यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना बारीक खळगा असतो; छापण्याआधी चकती घासून सारखी करताना तो पडला असं जाणकार मानतात. आपल्याकडे लेकराच्या गळ्यात बांधायला नाण्याला भोक पाडायची चाल. निम्म्यात कंटाळून सोडलेलं भोकही तसंच दिसतं, आणि बालाघाट जिल्ह्यात कंटाळलेले लोक भरपूर.

मग निकाल : "प्रांतिक वाटते."

निकाल वहीत जातो, तोही पेन्सिलीने. पेनाने लिहिलं की वाद मिटतो, आणि वाद मिटलेलं नाणं भाऊंना नको असतं. वहीत दोन रकाने आहेत, 'माझे मत' आणि 'इतर मते'. दुसऱ्या रकान्यात सोनार, पोस्टमन, चहावाला, सगळ्यांच्या नोंदी आहेत.

ही आवड त्यांना वनखात्याच्या नोकरीत लागली. या जिल्ह्यात वाकाटक राजा दुसऱ्या पृथ्वीषेणाचे ताम्रपट मिळाले ते कुठल्या देवळात किंवा नांगराच्या फाळाखाली नव्हे. ते जंगलात झाडाला टांगलेले होते! आणि त्यांवरचा लेखही अर्धवटच कोरलेला. हे वाचल्यापासून भाऊंनी उरलेली नोकरी मान वर करून केली. रेंजर साहेबांना वाटे, माणूस मधाची पोळी मोजतो आहे.

त्यांचं दैवत म्हणजे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. मिराशींनी तो वाचला, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी असे पुराणांना माहीत नसलेले राजे हाती लागले. तेव्हापासून भंगारवाल्याच्या पोत्यात एखादा राजा आपली वाट पाहत असेल, असं भाऊंना वाटतं. मिराशींना संस्कृत येत होतं, पुराभिलेख येत होते, हे कोणी म्हटलं तर भाऊ म्हणतात, "सुरुवात तं करा लागते न."

काकूंचं मत स्वतंत्र आहे. "पहिल्या शतकातलं असो का अठराव्या, दूधवाला घेते का ते सांगा." एकदा दिवाळीच्या आवराआवरीत त्यांनी भाऊंची बारा प्रांतिकं देवांच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून लख्ख केली. शतकांचा हिरवा-काळा थर गेला. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. त्या थराचं एवढं काय, हे मात्र आम्हांला अजून उमगलेलं नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीजवळ आठवडाभर ठेवलं तर स्टीलचा डबाही प्राचीन दिसतो. नंतर कुठेतरी वाचून त्यांनी नाणी तेलात भिजत घातली. पुस्तकात ऑलिव्हचं तेल होतं. घरात जवसाचं होतं. जवसाचं तेल वाळलं की त्याचं वार्निश होतं. ती वाटी आता संग्रहाचा भाग आहे, नाण्यांसकट.

प्रांतिकांवरच एवढा जीव का, ते त्यांनी एकदा पानाच्या टपरीवर सांगितलं. इफिसस, स्मिर्ना, पर्गमम ही आशिया प्रांतातली तीन शहरं 'आशियात पहिले आम्ही' यासाठी पिढ्यानपिढ्या भांडत होती, आणि हे भांडण सुट्ट्या पैशांवर छापत होती. बादशहाच्या पूजेचं देऊळ आपल्याला किती वेळा मंजूर झालं, तो आकडासुद्धा नाण्यावर. भाऊ हळवे झाले. १९५६ साली नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हापासून नागपूरचे नातेवाईक "तुमच्याकडे मराठी बोलतात का?" असं मराठीतच विचारतात. कान्ह्याच्या व्याघ्र प्रकल्पाचं नाव काढलं की लोक मंडला म्हणतात. "आपल्याले टांकसाळ असती," भाऊ म्हणाले, "तं एका बाजूने वैनगंगा, अन् दुसऱ्या बाजूने 'मुक्की गेट आमचं' असं छापलं असतं." टपरीवाला म्हणाला, "भाऊजी, मलाजखंड का तांबा भी तो अपना ही है." दोघांनी टाळी दिली. टांकसाळीला दिल्लीची मंजुरी तेवढी बाकी आहे.

आता ही चिल्लर बालाघाटात येणार कशी, हा प्रश्न राहतोच. रोमचं सोनं-चांदी समुद्र ओलांडून आलं, कारण ते कुठेही तोलून खपे. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो म्हणून रोमचा लेखक प्लिनी रडला, तो याच पैशासाठी. स्मिर्नाचा तांब्याचा पैसा मात्र स्मिर्नाच्या बाजारातच चालणार. तो मिरीच्या बदल्यात कोण घेईल? हे भाऊंना पूर्ण ठाऊक आहे. किंबहुना हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते सांगून झालं की लगेच पुढचं नाणं उचलून ते म्हणतात, "प्रांतिक वाटते."

त्यांचं सर्वांत लाडकं प्रांतिक, ज्यावर त्यांनी तीन ग्रीक अक्षरं शोधली होती, नागपूरच्या एका जाणकाराने हातात घेऊन नुसतं फिरवलं. अक्षरं फारसी निघाली, आणि भाऊंनी ती उलटी धरली होती. भोसल्यांच्या अमदानीतला पैसा. चकती लहान, ठसा मोठा. मजकुराचा मधला तुकडा तेवढा उमटलेला. आम्हांला वाटलं, आता माणूस खचणार. भाऊ क्षणभर गप्प राहिले आणि मग उजळले. नागपूरच्या भोसल्यांचा रुपया दिल्लीच्या अहमदशाहाच्या नावाने पडे. त्या बादशहाला १७५४ मध्येच गादीवरून उतरवून आंधळं केलं होतं, तरी नागपूरकर पुढे कितीतरी वर्षं त्याचं नाव छापत राहिले. "म्हंजे नाव दूरच्या बादशहाचं अन् टांकसाळ गावची," भाऊ म्हणाले. "मंग हे प्रांतिक नाही तं काय आहे जी?" जाणकाराला उत्तर सुचलं नाही. 'इतर मते' या रकान्यात त्यांचं मौन नोंदवलेलं आहे.

गेल्या वर्षी परदेशातल्या भाच्याने पंच्याहत्तरीला खरोखरचं प्रांतिक नाणं पाठवलं. सोबत छापील कार्ड : शहर, साल, वजन, संदर्भ ग्रंथ, सगळं. भाऊंनी कार्ड पालथं घातलं. "हे कायले पाठवलं त्यानं?" कार्ड काकूंच्या लुगड्यांच्या पेटीत गेलं, किल्लीसकट. मग टॉर्च, काटा, भिंग. तीन महिन्यांनी त्यांनी जाहीर केलं की खजुरीच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर आहे, तेव्हा गॉलमधलं नेमॉसस असावं, एका बाजूला ऑगस्टस आणि अग्रिप्पा पाठीला पाठ लावून.

काकूंनी चष्मा लावून पाहिलं. "मगर? मले तं घोरपड वाटते."

भाऊंनी पेन्सिलीला टोक काढलं आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं : घोरपड.