तंबूत गरम पाणी मिळेल

तंबू देवळाली कॅम्पाला नवे नाहीत. विलायतेच्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर इथं पडून असायचे आणि कंटाळून भ्रमिष्ट व्हायचे, असं म्हणतात. त्यांच्यामागून मुंबईकर आले. त्यांच्यासाठी पारशी, गुजराती, जैन सॅनेटोरियमं उभी राहिली. खोली घ्यायची, संध्याकाळी लॅम रोडला फेरी मारायची आणि सुट्टी संपताना गाल वर आणून परत जायचं. या हवा खाण्यानं आसपासच्या खेड्यांचं भलं होतंय, असा दावा ना सोल्जरनं केला, ना शेटजींनी.

हल्ली नुसती हवा पचत नाही. सोबत थोडं पुण्य लागतं. म्हणून गाड्या देवळालीत चहापुरत्या थांबतात आणि वैतरणा नाहीतर भंडारदऱ्याकडे सुटतात. तिथं तळ्याकाठी सहकुटुंब तंबू, शेकोटी, निखाऱ्यावरचं चिकन, एक गिटारवाला. सकाळी आंघोळीला गरम पाणी. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: आपल्या सहलीमुळे दुष्काळग्रस्त गावकऱ्यांना आधार मिळतो.

तो कसा, ते बघू. ऊर्ध्व वैतरणा धरण नाशिक जिल्ह्यात आहे आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. म्हणजे दादरचं कुटुंब घाट चढून येतं ते आपल्याच नळातलं पाणी बघायला! त्याच डोंगरांतल्या पाड्यांवरच्या बाईला मात्र एप्रिलात झऱ्याशी वाटी घेऊन बसावं लागतं. इगतपुरीत पाऊस किती? वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण खाली काळा कातळ आणि उतार उभा, त्यामुळं पडलेलं थांबत नाही. जे थांबतं ते धरणात, आणि धरणावर खालच्यांची नावं आधीच लिहिलेली असतात. म्हणून पावसाळ्यात गाव वाहतं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघतं. पाहुणा त्याच उन्हाळ्यात येतो आणि दोनदा अंघोळ करतो, कारण ऊन फार आहे.

बरं, पैसा तरी गावात राहतो का? कुठं राहतो. जमीन गावातल्याच माणसाची असेल, तंबूही त्याचेच असतील, तर मी टोपी काढून नमस्कार करतो. पण बरेचदा जमीन कधीच शहरातल्या नावावर चढलेली असते आणि बुकिंगचे पैसे शहरातल्या खात्यावर पडतात. गावच्या पोराच्या वाट्याला खुंट्या ठोकणं येतं. त्याची आई भाकऱ्या थापते. त्या भाकरीला पाहुण्यांच्या ताटात ‘पारंपरिक’ म्हणून वेगळा भाव असतो आणि थापणारीला ठरलेला रोज.

दुष्काळातलं खरं सहकुटुंब कॅम्पिंग बघायचं असेल तर 2019चा उन्हाळा आठवावा. बीड, नगर, सांगोला, माण. चारा छावण्यांत दहा लाखांच्या वर जनावरं होती आणि त्यांच्या दाव्याला बांधल्यासारखी माणसं. ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने. सरकार मोठ्या जनावरामागं दिवसाला 100 रुपये द्यायचं, लहानामागं 50. माणसामागं काही नाही. आकाशभर चांदण्या तिथंही होत्या, पण त्यासाठी जादा आकार नव्हता.

शहरातली माणसं दुष्काळी गावांत कामाला गेलीच नाहीत, असंही नाही. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा, 2016 साली तीन तालुक्यांत सुरू झाला, 2019पर्यंत 76 तालुक्यांत पोचला. सिन्नर-चांदवडची गावंही त्यात उतरली होती. 1 मेला महाश्रमदान असायचं आणि शहरांतून ‘जलमित्र’ यायचे, पोराबाळांसकट. टोप्या कोऱ्या, बूट कोरे. तीन पाट्या उचलल्या की एक सेल्फी. दहाच्या उन्हाला निम्मे सावलीत. माझं हसू आवरत नाही, पण चर खणला गेला, हे नाकारताही येत नाही. का? कारण कुठं खणायचं ते गाव सांगत होतं. फक्कीच्या रेषा गावानं आखलेल्या असत, आणि पाहुण्यांच्या एका सकाळीमागं गावाचे पंचेचाळीस दिवस. पाहुणा तिथं मजूर होता, गाव मुकादम. सहलीत हे नातं कुणी ठेवतं का?

आणि मला सगळ्यात गंमत भूगोलाची वाटते. देवळाली नेमकी सीमेवर आहे. पश्चिमेला इगतपुरीचा धो धो पाऊस, पूर्वेला सिन्नर. वावी-पाथऱ्याच्या बाजूला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो, तोही मनात आलं तर. दुष्काळाचं हक्काचं माहेर तिकडं. पण दुष्काळाला आधार द्यायला निघालेली एकही गाडी पूर्वेकडं वळताना मला दिसलेली नाही. तिकडं तळं नाही, काजवे नाहीत, फोटोत मागं धुकं येत नाही. दुष्काळ हवा, पण तळ्याकाठचा.

तर कुणीतरी पूर्व सिन्नरला एक कॅम्प काढावाच. जाहिरात मी लिहून देतो, फुकट. मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात. जेवण घरोघरी, पैसे थेट घरच्या बाईच्या हातात, मध्ये कुणी नाही. माणशी पाणी गावकऱ्याला मिळेल तेवढंच; पाहुणा म्हणून एक तांब्या जास्त नाही. पहाटे साडेपाचला कुदळ, टिकाव, घमेलं. मुलांना छोटं घमेलं. शेकोटी नाही, जळण गावालाच पुरत नाही. गिटार आणल्यास चालेल, पण टँकरची गाडी आली की वाजवणं बंद करून रांगेत यावं. बुकिंग ग्रामपंचायतीत. फोन कुणी उचलला नाही तर समजून घ्यावं, सगळे चरावर गेले असतील.