अमेरिकन मोटारीची मराठी कुरकुर

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणारा मराठी मनुष्य आपल्या मोटारीविषयी तक्रार करील की नाही, हे मोटारीतील दोषापेक्षा तिचा फोटो गावी पोहोचला आहे की नाही यावर अधिक अवलंबून असते. हा फोटो बहुधा बॉनेटवर एक हात टेकून, गॉगल चढवून काढलेला असतो. मोटार हप्त्यांची आहे की ‘लीज’ची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेकराराची, याचा त्यात पत्ता लागत नाही, आणि ‘गाडी कशी आहे?’ या प्रश्नाला ‘एकदम मख्खन’ असे उत्तर देऊन बसल्यावर पुढे उजव्या चाकातून कुरकुर ऐकू येऊ लागली, तरी ती स्वतःच्या प्रगतीचीच कुरकुर वाटून मालक रेडिओचा आवाज वाढवतो. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो, आणि त्याचा गॉगलसहित फोटो मावशीच्या फ्रिजवर अद्याप चिकटलेला आहे. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा गावाकडून हमखास येणारा प्रश्नही हा वर्ग ‘गॅलनला ३० मैल’ असे सांगून परतवतो, कारण त्याच आकड्याचे लिटरला किलोमीटर केले की ते १३ च्याही आत येतात, आणि काकांची मारुती २२ देत असल्यामुळे परदेशगमनाची शोभा नाहक कमी होते.

वास्तविक तक्रारदाराची सोय तेथे कायद्यानेच लावून ठेवली आहे. सदोष मोटारीला तेथील लोक ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात, आणि नवी मोटार वारंवार दुरुस्त करूनही सुधारत नसेल तर कंपनीने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असे सांगणारा ‘लेमन लॉ’ कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये प्रथम केला. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत एकाच दोषावर ४ वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, दोष जिवावर बेतणारा असल्यास २ वेळा झाला, अथवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक काळ दुरुस्तीसाठी पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी देऊन झाली असे गृहीत धरले जाते. देवळाच्या पार्किंगमध्ये वाहनपूजेच्या दिवशी चारही चाकांखाली लिंबे चिरडणाऱ्या मालकाला पुढे स्वतःची गाडीच लिंबू ठरवून घेण्यासाठी कागद गोळा करावे लागतात, यातील न्यायान्याय धर्मशास्त्रज्ञांवर सोपवणे बरे. खासगीरीत्या घेतलेल्या जुन्या गाडीला हे संरक्षण सहसा मिळत नाही. विकणाऱ्याला गाडीची अंडीपिल्ली ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, या विषमतेने बाजाराचे काय होते हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या निबंधात जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखवले आणि २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. पदवी घेऊन निघालेला सीनियर नव्याने उतरलेल्या ज्युनियरला आपली कोरोला ‘डोळे झाकून घे रे’ असे म्हणत विकतो, तेव्हा त्या निबंधाचा सारांश सहा शब्दांच्या आत आटोपतो.

कायद्याला कागद लागतो. मोटारीची दुखणी मात्र आधी आवाजातून कळतात, म्हणून येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. डीलरच्या वर्कशॉपमध्ये ग्राहकाची गाठ ‘सर्व्हिस ॲडव्हायझर’ नावाच्या, कडक इस्त्रीच्या शर्टातील गृहस्थाशी पडते, ज्याचे काम तक्रार टाइप करून घेणे आणि बिल समजावून सांगणे हे असते. प्रत्यक्ष पाना हाती धरणारा मेकॅनिक आत, दाराआड असतो, आणि त्या दारावर ग्राहकाला प्रवेश नसल्याची पाटी असते. परिणामी मालकाने जीव ओतून काढलेला ‘खर्र, टक्‌टक्‌, खर्र’ हा आवाज संगणकात ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार पुढून आवाज येतो’ एवढाच उरतो, आणि पाहुण्यांपुढे शहाण्या होणाऱ्या मुलाप्रमाणे गाडीही वर्कशॉपात शिरताच गप्प होत असल्यामुळे कागदावर ‘आवाज आढळला नाही’ असा शेरा पडतो.

आवाजाचे हे मर्म टॉम आणि रे मॅग्लिओझी या भावांनी ओळखले होते. एमआयटीत शिकून केंब्रिजमध्ये गॅरेज काढलेल्या या दोघांचा ‘कार टॉक’ हा कार्यक्रम १९७७ मध्ये बॉस्टनच्या रेडिओवर सुरू झाला, १९८७ पासून देशभर ऐकू येऊ लागला आणि २०१२ पर्यंत त्याचे नवे भाग होत राहिले. त्यात फोन करणारी भली भली माणसे आपापल्या गाड्यांचे आवाज तोंडाने काढून दाखवीत, दोघे भाऊ पोट धरून हसत आणि हसता हसता रोग सांगत. मराठी वाहनमालक या विद्येत खरे तर जन्मजात तयार असतो, कारण ज्याचे बालपण एस.टी.च्या मागच्या बाकावर गेले त्याला खडखड, खुळखुळ, घरघर आणि कुंईकुंई यांतला फरक शिकवावा लागत नाही, परंतु एम.एस. झालेल्या माणसाने परक्या मुलखात काउंटरपाशी उभे राहून कुंईकुंई करावे की नाही, याचा त्याच्या मनाशी निकाल लागत नाही, आणि तो ‘सम नॉइज’ म्हणून मोकळा होतो.

अशा वेळी खरी मदत पुष्कळदा समुद्रापलीकडून येते. एस.टी.च्या आगारात हयात घालवून निवृत्त झालेले वडील सांगलीत फोन कानाशी धरून बसतात, ओहायोच्या थंडीत मुलगा बॉनेट उघडून दुसरा फोन इंजिनावर धरतो, रूममेट ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसतो, आणि ‘रेस दे. सोड. आता परत दे,’ अशा आज्ञा सुटू लागतात. ‘पट्टा सैल झालाय बघ,’ असे निदान दुसऱ्याच मिनिटाला होते. तरीही वडील आणखी दोनदा रेस द्यायला लावतात. मुलाची नोकरी नेमकी कशाची आहे, व्हिसा कोठे अडला आहे, कर्जाचे व्याज एवढे का, यांतले काहीही ज्यांना नीट सांगितलेले नसते, त्यांच्या हाती मुलाच्या संसारातील एवढी एकच गोष्ट अशी येते की जिच्यात त्यांचा शब्द अजून चालतो. त्यासाठी मुलाला ‘मख्खन’ हा शब्द मागे घ्यावा लागतो, आणि वडिलांना त्याचे यत्किंचितही वाईट वाटत नाही.

वाहनमालकांनी तरीही वर्कशॉपच्या प्रत्येक खेपेची ‘रिपेअर ऑर्डर’, म्हणजे तक्रार, तारीख आणि मैलांची नोंद असलेला कागद, ‘आवाज आढळला नाही’ असा शेरा असला तरी मागून घ्यावा, कारण प्रयत्न मोजण्याची वेळ आली की तोच पुढे करावा लागतो. गाडीचा १७ अक्षर-अंकी ओळखक्रमांक संघीय वाहतूक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर घालून ‘रिकॉल’ आहे का, म्हणजे सुरक्षेतील दोषापायी कंपनीने ते मॉडेल दुरुस्तीसाठी परत बोलावले आहे का, तेही पाहावे. ही दुरुस्ती फुकट असते, आणि ‘फुकट’ या शब्दापुढे फोटोची अब्रू फार वेळ टिकत नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि तो लुकलुकत नसेल, तर वर्कशॉप गाठण्यापूर्वी पेट्रोलच्या टाकीचे झाकण ‘कट्ट’ वाजेपर्यंत फिरवावे. सैल झाकणानेही हा दिवा लागतो, आणि झाकण घट्ट केल्यावर तो लगेच न विझता काही दिवस गाडी चालवल्यानंतर विझतो.